मायलेजवरून प्रदूषण ठरत नाही

डिझेल गाडी लिटरमागे जास्त धावते म्हणून ती पर्यावरणाला बरी, हा मुद्दा नेहमी मांडला जातो, पण तो अपुरा आहे. एक लिटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलमधून सुमारे २.६५ किलो. समजा १०० किलोमीटरला पेट्रोल ६.५ लिटर लागतं आणि डिझेल ५ लिटर. इंधन २३ टक्के वाचलं, पण कार्बन जेमतेम ११ टक्के.

खरा प्रश्न नायट्रोजन ऑक्साइड या घातक वायूंचा. डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरतो, त्यामुळे पेट्रोल गाडीतला थ्री-वे कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू साफ करणारा भाग) तिथे हे वायू फोडू शकत नाही, अनेक गाड्यांत त्यासाठी एक्झॉस्टमध्ये ३२.५ टक्के युरियाचं द्रावण फवारावं लागतं. काजळी अडवायला डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर. त्यातली काजळी ६०० अंशांच्या आसपास जाळावी लागते. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालली तर हे काम अर्धवट राहतं, फिल्टर तुंबतो आणि काजळी जाळण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी वाढलेली दिसली तर ऑइल लगेच बदला. डीपीएफ काढून टाकायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका, सगळी काजळी थेट लोकांच्या फुप्फुसात जाते.

पेट्रोलही निर्दोष नाही: डायरेक्ट इंजेक्शनचं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन थंड असताना बारीक कण बरेच सोडतं.