पंचविशीतल्या टकलाचा दोष पोराचा नाही

दर पावसाळ्यात, कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं कामाला लागायच्या सुमारास, एक लांबलचक मेसेज खान्देशातल्या ग्रुपांवर फिरायला लागतो. गावाच्या ग्रुपवर, भाऊबंदांच्या ग्रुपवर, बॅचच्या ग्रुपवर. त्यात म्हटलेलं थोडक्यात असं: पंचविशीच्या आत केस गेले तर दोष तुमचाच. बोअरचं जड पाणी, हेल्मेट आणि वाईट सवयी ही कारणं. उपाय म्हणजे चमनगोटा करून 21 दिवस कांद्याचा रस चोळायचा. डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या तर मूल होणार नाही. हे लगेच केलं नाही तर मुलाखतीत मागे पडाल आणि लग्नही जमणार नाही. खाली एका तेलाची जाहिरात.

मी जळगावच्या एमआयडीसीत पाइपाच्या कारखान्यात आहे. माझे केस इंजिनियरिंगला असतानाच मागे सरकायला लागले. आता नव्या पोरांच्या मुलाखती घ्यायलाही बसतो, आणि त्यांच्यात टोपी न काढता बसणारे, बोलताना सारखा हात कपाळाकडे नेणारे दरवर्षी दिसतात. चांगली पोरं असतात. त्यांच्या डोक्यात या मेसेजने अपराधीपणा भरलेला असतो, आणि त्याच अपराधीपणावर तेल विकलं जातं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी खरं कारण. विशीत, पंचविशीत कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि टाळूवरून केस जात असतील तर ते बहुतेक वेळा आनुवंशिक टक्कल असतं. शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, तयार होतं. काहींच्या डोक्याच्या पुढची आणि टाळूवरची मुळं जन्मतःच या डीएचटीला संवेदनशील असतात. तिथे प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो, आणि शेवटी नुसती लव उरते. मागच्या मुळांवर हा परिणाम फारसा होत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्याही कानामागे केसांची झालर टिकते. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवलं की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण निकामी झाले किंवा काढले गेले, त्यांना टक्कल पडत नाही. आपल्याकडे ‘पोरगं मामावर गेलं’ म्हणतात, ते अर्धं खरं आहे. यातला एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला तो आईकडून मिळतो. पण असे जनुक पुष्कळ आहेत आणि वडिलांकडूनही येतात. यात पोराने केलेलं काही नाही.

पाण्याचा मुद्दा आपल्या भागात पटकन पटतो, कारण जड पाणी सगळ्यांनीच पाहिलंय. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरे थर चढतात, केस राठ होतात. राठ केस मधेच तुटतात हेही खरं. पण जड पाण्यातले क्षार केसाच्या बाहेरच्या भागावर बसतात, कातडीच्या आतल्या मुळाला बारीक करत नाहीत. आणि साधं बघा, त्याच बादलीतलं पाणी तुमच्या मागच्या केसांवरही पडतं. मग ते दाट कसे राहिले? त्याच टाकीवर अंघोळ करणाऱ्या घरातल्या बाकीच्यांचं काय?

या मुद्द्याला अलीकडे जोर आला तो बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बातम्यांमुळे. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्या काही गावांत माणसांचे केस दोन-चार दिवसांत हाताला येऊ लागले. शेगाव भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच आहे, त्यामुळे भीती इकडे पोचायला वेळ लागला नाही. पहिला संशय पाण्यावरच घेतला गेला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे लक्ष वेधलं. बायका, मुलं, म्हातारे, सगळ्यांचे केस एकदम गेले होते आणि अनेकांचे परत येऊ लागले. वर्षानुवर्षं हळूहळू मागे सरकणाऱ्या कपाळाशी त्याचा संबंध जोडून लोकांना घाबरवणं चुकीचं आहे.

हेल्मेटच्या मुद्द्यावर मला राग आवरत नाही. हेल्मेटने आनुवंशिक टक्कल पडत नाही. डीएचटी रक्तातून मुळांपर्यंत पोचतं, हेल्मेट असो वा नसो. फार घट्ट हेल्मेटने किंवा सतत ओढून बांधलेल्या केसांनी त्या-त्या जागी केस तुटू शकतात. त्याला बरोबर मापाचं हेल्मेट घेणं आणि आत सुती रुमाल बांधणं एवढं पुरतं. घामाने कोंडा वाढत असेल तर आतलं अस्तर धुवा, डोकं धुवा, कोंड्याचा शाम्पू वापरा. आता हा मेसेज कोणाला जातो ते लक्षात घ्या. पाळधी, एरंडोल, नशिराबादहून रोज मोटारसायकलवर कामाला येणाऱ्या पोरांना. राष्ट्रीय महामार्ग 53 वर, डंपर आणि ट्रेलरच्या मधून. पहिल्या नोकरीच्या पहिल्या पगारावर घेतलेली गाडी, आणि केसांसाठी हेल्मेट हँडलला लटकवलेलं. असं मी गेटवर पाहिलंय. ज्याने हा मेसेज लिहिला त्याला त्या रस्त्याची कल्पना नसेल, पण पुढे पाठवणाऱ्या काकांना, मामांना नक्की आहे. निदान त्यांनी तरी हे थांबवावं.

वाईट सवयी म्हणजे मेसेजला काय म्हणायचंय हे सगळ्यांना कळतं. हस्तमैथुनाने केस जात नाहीत. टक्कल पडलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा जास्त असतंच असंही नाही, फरक मुळांच्या संवेदनशीलतेत असतो. रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघण्याने झोप बिघडते, ती सुधारावी. पण त्यावरून कोणाच्या कपाळाचा निवाडा करू नये.

मेसेजमध्ये एक गोष्ट अजिबात नाही, आणि नव्या नोकरीवाल्यांना तीच जास्त उपयोगी आहे. केस एकदम, सगळ्या डोक्यावरून, मुठीने गळण्याचा एक वेगळा प्रकार असतो. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, झपाट्याने घटवलेलं वजन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी तो सुरू होतो. शरीराला धक्का बसला की बरेचसे केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ती अवस्था संपली की एकत्र गळतात. आपली पोरं जून-जुलैत पुण्याला, नाशिकला, चाकणला जातात. खोलीवर चौघं, मेसचं जेवण, दूध-डाळीची वानवा, आणि पावसाळ्यात एखादा जोरदार ताप. मग दिवाळीच्या पुढेमागे उशीवर केस दिसायला लागतात आणि पोरगं म्हणतं, पुण्याचं पाणी लागलं. तापाची आठवणही कोणाला राहत नाही. हे केस बहुधा सहाएक महिन्यांत आपोआप सावरतात. दिवसाला 50 ते 100 केस गळणं तर निरोगी माणसाचंही चालूच असतं. गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, तिचं कारण वेगळं आणि उपचारही वेगळा. म्हणून आधी प्रकार ओळखावा लागतो, आणि ते फोटो पाहून तेल विकणाऱ्याचं काम नाही.

मुली या मेसेजमध्ये नाहीतच, पण त्याही नोकरीला लागतात आणि त्यांचेही केस विरळ होतात. थायरॉइड, लोहाची कमतरता, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा बिघाड), हे त्यांच्यात तपासून घ्यायला हवं.

चमनगोटा आणि कांदा. धुळ्याच्या एकवीरा देवीला आपण बाळांचं जाऊळ काढतो, ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिथे तिचा मान आहे. पण वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत. वाढलेला केस टोकाला निमुळता असतो, कापलेल्याचं टोक बोथट असतं, म्हणून हाताला जाड लागतो. बांधावरचं गवत कापलं म्हणून त्याची मुळं वाढत नाहीत, तसंच हे. कांद्याच्या रसाचा जो अभ्यास सगळे सांगतात तो इराकमधला, 2002 मधला, मोजक्या रुग्णांवरचा आणि चाईवरचा आहे. आनुवंशिक टकलावरचा तो नाहीच. आणि 21 दिवसांत काही दिसणं शक्यही नाही, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कांद्याने कातडी सोललेली, लाल झालेली पोरं मात्र दिसतात. तेलाने मालिश करा, बरं वाटतं, केस मऊ राहतात. बारीक होत चाललेलं मूळ तेलाने जाड होत नाही. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या महागड्या गोळ्यांचंही तसंच, शरीरात त्याची कमतरता नसेल तर उपयोग दिसत नाही. उलट थायरॉइडच्या आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे त्याने चुकू शकतात. घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.

आता ज्याने पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं तो मुद्दा, डॉक्टरच्या औषधांचा. दोन औषधांमागे भक्कम पुरावा आहे. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले, म्हणून डोक्याला लावायचं द्रावण तयार झालं आणि अमेरिकेत त्याला 1988 मध्ये मंजुरी मिळाली. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याने गळती थोडी वाढते, आणि तिथेच घाबरून बरेच जण सोडून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. बंद केलं की मिळालेलं काही महिन्यांत जातं. घरात मांजर असेल तर तिला त्यापासून लांब ठेवा, तिला ते विषारी आहे.

दुसरं फिनास्टेराइड, 1 मिलिग्रॅमची गोळी, 1997 मध्ये पुरुषांच्या टकलासाठी मंजूर झालेली. ती डीएचटी तयार होणं कमी करते. मूल होणार नाही ही भीती हिच्याचबद्दलची. खरं काय ते सरळ सांगतो. मंजुरीआधीच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांपैकी 3.8 टक्के पुरुषांत दिसल्या, आणि औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांतही 2.1 टक्क्यांत दिसल्या. बहुतेकांच्या तक्रारी गोळी थांबवल्यावर जातात. काहींनी त्या नंतरही राहिल्याचं नोंदवलंय. काहींत वीर्यातल्या शुक्राणूंची संख्या कमी होऊ शकते, म्हणून मूल हवं असेल त्या काळात डॉक्टरांशी बोलायचं. मन उदास होणं, जीव नकोसा वाटणं, याकडेही लक्ष ठेवावं लागतं. युरोपच्या औषध नियामकाने 2025 मध्ये आत्महत्येचे विचार हा तिचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. एवढं सगळं ऐकून एखादा म्हणेल, मला नको. तो त्याचा अधिकार, आणि तो निर्णय चुकीचा नाही. पण मेसेजच्या भीतीने नको म्हणणं आणि डॉक्टरसमोर बसून नको म्हणणं यात फार अंतर आहे. ही औषधं आहे ते टिकवण्यात जास्त चांगली, गेलेलं आणण्यात कमी. कांद्यात आणि तेलात घालवलेली दोन-तीन वर्षं म्हणूनच महाग पडतात. आणि मेडिकलवरून स्वतःच्या मनाने गोळी आणू नका.

हेअर ट्रान्सप्लांटची घाई तर मुळीच नको. मागची मुळं पुढे लावतात, पण बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी टक्कल कुठवर जाणार ते ठरलेलं नसतं. लावलेले केस राहतात, त्यांच्या मागचे जात राहतात, आणि मागचा साठा मर्यादित. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय की ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरनेच, म्हणजे शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने किंवा प्लास्टिक सर्जनने करावी. कानपूरमध्ये ट्रान्सप्लांटनंतर दोन इंजिनियरांचा मृत्यू झाल्याच्या तक्रारी 2025 मध्ये पुढे आल्या. हप्त्यावर करून देतो म्हणणाऱ्या कोणालाही आधी विचारा, सुरी कोणाच्या हातात असणार आणि त्याची पदवी काय.

राहिली नोकरी आणि लग्न. आमच्या मुलाखतीच्या कागदावर विषयाचं ज्ञान, यंत्राची माहिती, बोलणं, रात्रपाळीची तयारी असे रकाने आहेत. केसांचा रकाना नाही, आणि उमेदवार बाहेर गेल्यावर त्याच्या केसांवर चर्चा झालेली मी ऐकलेली नाही. दिसण्याने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. दुकानाच्या काउंटरवर, औषध कंपनीच्या एमआरला, रिसेप्शनवर बसणाऱ्याला तो जास्त बोचतो, आणि चहाच्या टपरीवर होणारी चेष्टा खरंच लागते. ती चेष्टा करणाऱ्यांनी बंद करावी, सहन करणाऱ्याने हसून घ्यायचं काही कारण नाही. पण बाजूचे केस लांब वाढवून मधलं झाकण्यापेक्षा सगळीकडे बारीक मशीन मारलं तर विरळपणा कमी दिसतो, आणि वाऱ्यात सारखा हात वर जात नाही. उन्हाळ्यात इथे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा उघडी टाळू भाजते. बाहेर टोपी किंवा उपरणं घ्या, सनस्क्रीन लावा. आत आल्यावर टोपी काढून बसा. लग्नाच्या बायोडाट्यावर आजचा फोटो लावा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातला नको. काही स्थळं त्यावरून मागे जातील. जी येतील ती तुम्हाला बघून येतील, आणि वधू-वर मेळाव्यात स्टेजवर जाताना पोटात गोळा येणार नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या त्वचारोगाच्या ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. जाताना तीन गोष्टी लिहून न्या: केस कधीपासून जातायत, मागच्या सहा महिन्यांत कोणता ताप किंवा आजार झाला, आणि आजवर डोक्याला काय काय लावलं. वडिलांचा आणि मामांचा तरुणपणीचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर तोही दाखवा. डॉक्टरला हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासावं वाटलं तर तपासतील. आणि मेसेज पाठवणाऱ्या काकांना हा मजकूर पाठवा.