‘शेवटी सही डॉक्टरचीच’ : लातूरच्या एका वडिलांना उत्तर

नमस्कार.

एम.एस्सी. बायोमेडिकल करणाऱ्यांनी आरोग्यक्षेत्राची तयारी कशी करावी, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमच्या मुलीने एमबीबीएससाठी दोनदा ‘नीट’ परीक्षा दिली, नंबर लागला नाही, बी.एस्सी. केलं, आता ती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. माझा लेख वाचून तिने ‘आता परत नीट नाही’ असं घरी सांगितलं. म्हणून तुम्ही मला विचारलंत, की रिपोर्टवर सही शेवटी डॉक्टरचीच लागते, मग पोरीने जन्मभर नळ्या धुवायच्या का? आणि सहा महिने बिनपगारी काम करा म्हणणाऱ्या बाईला पुण्यातल्या खोलीचं भाडं माहीत आहे का?

भाड्याचं आधी, कारण तिथे चूक माझी आहे. मी स्वतः हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तसे सहा महिने काढले तेव्हा मावशीकडे राहत होते. दोन वेळचं जेवण घरचं, खर्च फक्त बसच्या पासाचा. लेखात हे सांगायचं राहिलं, आणि त्यामुळे तो सल्ला ज्यांची पुण्यात मावशी नाही त्यांच्यावर अन्याय करणारा झाला. तो परिच्छेद मी आज काढून टाकला आहे. सुट्टीतले सहा-आठ आठवडे लातूरमध्येच, घरी राहून, एखाद्या रक्तपेढीत किंवा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम बघायला मिळतं का, हे तिने विचारावं. ‘नाही’ दोन-तीनदा ऐकावं लागेल, तरी विचारावं.

आता सही. तुमचं म्हणणं बरोबर आहे. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सांगितलं. पुढे नियमांत बदल झाले, तरी एम.एस्सी. केलेल्याला निदान करायचा अधिकार नाही. तो नसावा, असंच मलाही वाटतं. पण सहीपर्यंत पोहोचण्याआधी त्या आकड्याचं काय काय होतं, ते ऐका.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्रपाळीत, वॉर्डातून एक नमुना आला. पोटॅशियम 9.1. साधारण साडेतीन ते पाच मिलिमोल असतं. नऊला हृदय कधीही थांबू शकतं. त्याच नमुन्यात कॅल्शियम 4.2 मिलिग्रॅम, म्हणजे असायला हवं त्याच्या निम्मं. अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं विकरही अगदी तळाला. तिन्ही आकडे एकत्र पाहिले आणि मला बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल आठवलं. पाण्याची दुष्फेनता मोजताना आपण ब्युरेटमध्ये ईडीटीए नावाचं रसायन भरायचो, ते कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून तेच ईडीटीए असतं, पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. मी वॉर्डात फोन लावला. ‘सिस्टर, पेशंट कसे आहेत?’ ‘उठून बसलेत, पाणी मागतायत.’ दुसऱ्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या नळीतलं थोडं तिच्यात ओतलं होतं. म्हणजे आकडे बिघडवले होते त्या नळीतल्या ईडीटीएने. नवा नमुना घेतला, पोटॅशियम 4.3.

पहिला आकडा तसाच वर गेला असता, तर धडधाकट माणसाला पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन आणि ग्लुकोज सुरू झालं असतं, आणि जे मुळात वाढलंच नव्हतं ते धोक्याच्या खाली गेलं असतं. त्या रात्री सहीचा प्रश्नच आला नाही. मला ईडीटीए माहीत होतं आणि फोन उचलायची भीड वाटली नाही, एवढंच. याला तुम्ही नळ्या धुणं म्हणालात, ते मला लागलं.

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. वाल्डेमार हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. प्लेगच्या साथीत त्यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लशीच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन 19 माणसं गेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, आणि त्यातून निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. प्रयोगशाळेतल्या कामाचं वजन किती, हे मला त्या एका बाटलीवरून कळतं.

तुमच्या मुलीला म्हणूनच माझं सांगणं थोडं वेगळं आहे. एम.एस्सी.त पीसीआर आणि जेल या डीएनए तपासायच्या पद्धती सगळेच शिकतात. तिने लेव्ही-जेनिंग्ज तक्ता, म्हणजे मशीन रोज बरोबर मोजतंय का ते दाखवणारा आलेख, वाचायला शिकावं. रोज सकाळी रुग्णांच्या नमुन्यांआधी कंट्रोल, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असा नमुना, चालवतात. तो सरासरीपासून दोन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर गेला तर सावध व्हायचं, तीनच्या बाहेर गेला तर मशीन थांबवून कारण शोधायचं. मुलाखतीला येणाऱ्या मुलांना मी हेच विचारते, आणि बहुतेक जण गप्प होतात.

क्लिनिकल ट्रायलच्या कामाकडेही तिने बघावं. तिथे समन्वयकाला समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत समजवावं लागतं, की हे औषध अजून तपासलं जातंय, तुम्ही नको म्हणू शकता, आणि नको म्हटलं तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत. अहमदपूर-निलंग्याकडून आलेल्या आजीला हे नीट समजावणारी मुलगी लातूरचीच हवी.

नीटबद्दल मी तिला नको म्हणणार नाही. वयाची कमाल अट 2022 पासून उरलेली नाही. पण आपल्याकडे पदवीधरांसाठी एमबीबीएसची जवळची वाट नाही. पहिल्या वर्षापासून साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. रुग्णाला स्वतः तपासायचंच आहे, ही तिची ओढ असेल तर तिने जरूर बसावं. लोक काय म्हणतील म्हणून बसू नये. हा प्रश्न तिला तुम्ही विचारा, दादा. माझ्या लेखापेक्षा तुमच्या विचारण्याला जास्त किंमत आहे.

आणि एक गोष्ट याच आठवड्यात करा. तिची हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, बघा. तीन डोस लागतात, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. नंतर रक्तातली प्रतिपिंडं मिलिलिटरला 10 मिलियुनिटच्या वर आहेत ना, ते तपासायचं. आज सुरुवात केली तर पुढे रक्ताच्या नमुन्यांना हात लावताना तिला या एका आजाराची तरी धास्ती कमी राहील.