करियर अँड आइव्जची युद्धचित्रं: रणांगणावर काढलेली नाहीत, एका हाताने रंगवलेलीही नाहीत

अमेरिकेच्या यादवी युद्धाची (1861-65) जुनी रंगीत चित्रं आणि खाली मजकूर: ‘तेव्हा कॅमेरा नव्हता, म्हणून करियर अँड आइव्ज कंपनीचे चित्रकार रणांगणावर उभे राहून ही चित्रं काढत. प्रत्येक प्रत चित्रकाराने स्वतः रंगवलेली, त्यामुळे एकमेव. मिळाली तर लाखांची चीज.’ हा मेसेज तीन ग्रुपांवर आला तेव्हा मी सोडून दिलं. परवा न्यू जर्सीहून मावसभावाचा फोन आला. त्याने असलं एक चित्र घ्यायला पैसे बाजूला काढलेत. आता बोलायलाच हवं.

आधी ते ‘चित्रकाराने स्वतः रंगवलेली’. ही शिळाछाप चित्रं आहेत. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, त्यावरून काळे छाप घ्यायचे आणि रंग मग भरायचे. न्यूयॉर्कच्या स्प्रूस स्ट्रीटवरच्या कारखान्यात त्यासाठी लांब टेबलाशी मुली बसत, बऱ्याचशा जर्मनीहून आलेल्या. रंगवलेला नमुना मधोमध, सगळ्यांना दिसेल असा. एकीने फक्त निळा लावायचा आणि कागद पुढे सरकवायचा, पुढचीने लाल, तिच्या पुढचीने हिरवा. शेवटची बाई राहिलंसाहिलं सावरून घ्यायची. हॅरी पीटर्स या संग्राहकाने 1929 आणि 1931 साली दोन खंडांत या कंपनीचा इतिहास लिहिला, त्यात हे सगळं आहे. लहान चित्रं पंचवीस सेंटांच्या आत मिळत. कंपनी स्वतःच ‘स्वस्त आणि लोकप्रिय चित्रं’ म्हणून जाहिरात करायची. म्हणजे ‘एकमेव’ कुठून आलं? चित्राखाली नाव कंपनीचं, त्या मुलींचं नाही. त्यांची मेहनत पुन्हा कुणा एका चित्रकाराच्या खात्यावर टाकली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

‘कॅमेरा नव्हता’ हे धडधडीत खोटं. 17 सप्टेंबर 1862 ला अँटिएटमची लढाई झाली. एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे 23,000 जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. अलेक्झांडर गार्डनरने तिथल्या प्रेतांचे फोटो काढले आणि पुढच्याच महिन्यात ते मॅथ्यू ब्रेडीच्या न्यूयॉर्कमधल्या गॅलरीत लागले. त्याच लढाईचं करियर अँड आइव्जचं चित्र शेजारी ठेवून बघा. चित्रात झेंडे आहेत, रांगा धरून चाल करणारे सैनिक आहेत. गार्डनरच्या फोटोत रस्त्याकडेच्या कुंपणालगत माणसं मरून पडली आहेत.

एवढं मान्य की तेव्हाच्या कॅमेऱ्याला धावती लढाई टिपता येत नव्हती, आणि काही चित्रकार खरंच आघाडीवर होते. अल्फ्रेड वॉड गेटिसबर्गच्या लढाईच्या वेळी तिथे होता. पण तो ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकासाठी स्केचेस काढायचा. करियर अँड आइव्जची युद्धचित्रं न्यूयॉर्कमध्ये बसून, आलेल्या बातम्यांवरून आणि कल्पनेने रचली जात.

राहिली किंमत. मोठ्या आकाराच्या काही दुर्मीळ चित्रांना चांगला भाव येतो, पण बाजारात नंतरच्या नकला भरपूर आहेत. मावसभावाला म्हटलं, भिंग लावून बघ. अस्सल छापात खडूचा ओबडधोबड रवा दिसतो, आणि हाताने लावलेला रंग कुठेतरी रेघेबाहेर गेलेला असतो. त्याने भिंगातून फोटो काढून पाठवला. सैनिकाच्या निळ्या कोटावर ओळीने एकसारखे ठिपके होते. ती अलीकडची छपाई. पैसे अजून त्याच्या खात्यातच आहेत.