पंधरा सेंटिमीटरचा नट

भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, घरातला पंखा बंद करायला लावणाऱ्या माणसाला कुटुंबात फारसा मान राहत नाही. आणि हा पंखा एका प्लास्टिकच्या स्पायडरमॅनला वारा लागू नये म्हणून बंद आहे, हे कळल्यावर उरलासुरला मानही जातो. माझा छंद असा आहे: माणसाच्या एक बारांश मापाच्या, म्हणजे साधारण 15 सेंटिमीटर उंचीच्या ॲक्शन फिगर विकत घ्यायच्या, त्यांना जिवंत माणसाचा आव आणायला लावायचा आणि तो आव टिकतो तेवढ्यात फोटो काढून घ्यायचा. यातले पहिले काम पैशाचे आहे (2020 साली खेळण्यांवरचे आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर आणि 2023 साली 70 टक्क्यांवर गेले, तेव्हापासून घरात कोणी किंमत विचारली की मला नीट ऐकू येत नाही) आणि तिसरे कॅमेऱ्याचे. छळ सगळा दुसऱ्यात आहे.

1964 साली हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या 21 हलत्या भागांचे मोठे कौतुक झाले. आमच्या लहानपणी फनस्कूल या खेळणी कंपनीमुळे भारतात आलेला जी. आय. जो त्याच्या एकतृतीयांशही नव्हता आणि त्याचा सगळा देह कमरेतल्या एका रबरी कडीवर तोललेला असे. कडी तुटली की वीर कमरेतून दुभंगे. आताच्या चांगल्या जपानी फिगरचे खांदे पुढेमागे सरकतात, कोपर आणि गुडघे दोन ठिकाणी मुडपतात, पायाची बोटेसुद्धा वाकतात. असे सगळे मिळून तीसेक सांधे सहज भरतात. विकणारा याला सोय म्हणतो. माझ्या मते प्रत्येक सांधा म्हणजे पडण्याची आणखी एक वाट. गुडघा नीट करावा तर घोटा सुटतो, घोटा सावरावा तर कंबर फिरते, आणि सगळे जमले म्हणून श्वास रोखून हात मागे घ्यावा तर स्वारी अगदी सावकाश, समारंभात पाहुण्यांच्या पाया पडायला वाकावे तशी, पुढे झुकत झुकत तोंडावर आडवी होते.

उभे राहण्याची ही कथा, तर उडीचे काय सांगावे! मासे धरण्याच्या बारीक नायलॉन दोऱ्याला स्पायडरमॅन टांगला की दोऱ्याचा पीळ उलगडू लागतो आणि आपण बटण दाबण्याच्या नेमक्या क्षणी तो कॅमेऱ्याकडे पाठ करतो. म्हणून शहाणी माणसे कमरेला चिमटा लावून त्याला पारदर्शक दांड्यावर अडकवतात. कॅमेरा तसाच ठेवून रिकाम्या जागेचाही एक फोटो घेतात आणि मग दोन्ही फोटो एकावर एक ठेवून दांडा पुसून टाकतात. एवढे करूनही हा नायक मुखवटेवाला. चेहऱ्यावर ना हसू, ना राग, त्यामुळे सगळा अभिनय मानेवर येतो. मान केसभर खाली गेली तर तो शत्रूवर झेप घेणारा दिसतो, आणखी केसभर गेली तर चप्पल शोधणारा.

बाहुला लहान करता येतो, पण निसर्ग त्याच्याबरोबर लहान होत नाही, ही या छंदातली खरी मेख आहे. पावसाचा एक थेंब त्याच्या डोक्यावर बसला तर लिंबाएवढा दिसतो आणि सगळे सोंग उघडे पडते. कुंडीतली माती त्याच्या पायाखाली दगडगोट्यांसारखी दिसते, म्हणून ती मैद्याच्या चाळणीने चाळावी लागते, आणि त्यानंतर चाळणीची मालकी हा घरात कायमचा वादविषय होतो. धूर मात्र उदबत्तीचा चालतो. मागून दिवा लावला की त्याच्या उजेडात तो जळत्या शहराचा धूर शोभतो. मात्र देवघरातल्या पुड्यातली उदबत्ती उचलताना आईने पाहिले. "देवापुढे लावायची सोडून त्या कोळ्यापुढे कसली ओवाळतोस?" असे ती म्हणाली, आणि खरोखरच त्या क्षणी मी हात जोडल्यासारखा वाकून बसलो होतो, कारण कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर नेला नाही तर तो वीर न दिसता खेळणे दिसतो. इतक्या जवळून फोटो काढताना नाक स्पष्ट यावे तर कान धूसर होतो. म्हणून भिंगातले, उजेड आत घेणारे छिद्र एफ/11 पर्यंत बारीक करावे, तर उजेड कमी पडतो, शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्यात कोणीतरी पंखा लावते.

घरातून उठून मी सोसायटीच्या बागेत गेलो, तिथे वारा फुकट होता, पण प्रेक्षकही होते. "मुलाचं आहे का?" या प्रश्नाला "हो" म्हणण्याइतका मी आता निर्ढावलो आहे. मुलगा नसूनही. एका रविवारी मात्र तळमजल्यावरचे काका येऊन उभे राहिले. आयुष्यभर मल्लखांब शिकवलेला माणूस. बराच वेळ त्यांनी काही विचारले नाही, मग खाली बसून म्हणाले, "याचं वजन कुठल्या पायावर आहे?" मी म्हटले, प्लास्टिकला कसले वजन, काका. "तेच दिसतंय," ते म्हणाले, आणि दोन बोटांनी त्यांनी उजवी कंबर वर केली, उजवा खांदा खाली आणला, डावा गुडघा सैल सोडला. सरळ काठीसारखा उभा असलेला तो बाहुला एकदम दमलेला, भारदस्त, रात्रभर गस्त घातलेला दिसू लागला. पडलाही नाही. फोटो इतका चांगला आला की मला थोडा रागच आला.

तेव्हापासून काका दर रविवारी माझ्या आधी बागेत असतात. माझ्या उडीत जोर नसतो, माझ्या झेपेत पाठीची कमान चुकते, गेल्या खेपेच्या बॅटमॅनला त्यांच्या मते दंडबैठकांची गरज होती. परवा त्यांनी स्पायडरमॅनला पद्मासन घालायला सांगितले. मी त्यांना समजावून सांगितले की मांडीचा सांधा तितका बाहेर वळत नाही, जोर केला तर तुटेल, चांगल्या चांगल्या फिगरनाही हे सहसा जमत नाही. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तीस सांधे, आणि साधी मांडी घालून जेवायला बसता येत नाही. कितीला पडला म्हणालास?"