कुत्र्याची जीभ म्हणजे मलम नाही, बाप्पा!

गेल्या आठवड्यात सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी गेलो, तर सपरीत, म्हणजे ओसरीत, बाबांच्या बाजेवर आमचा कुत्रा मोत्या पसरलेला आणि बाबांचा उघडा पाय त्याच्या तोंडाशी. पट्टी सोडून उशाला ठेवलेली. रोवणीच्या वेळी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पायात काहीतरी रुतलं होतं. बाबांना शुगर, त्यामुळे ती जखम दोन महिने झाले भरत नाही. मी ओरडलो तर म्हणतात, "तुले नाई आला का मेसेज? चाटू दे त्याले, जखम सुकते म्हन्ते."

आला होता ना. तीन ग्रुपांवरून आला होता. 'वडीलधाऱ्यांच्या अंथरुणात कुत्रा झोपवा' असा मथळा आणि खाली फायदे: कुत्र्याच्या जिभेनं जखम भरते, तो माणसाचा आजार स्वतःच्या अंगावर घेतो, घरच्या कुत्र्याला लस लागत नाही, रात्री बिबट आणि साप जवळ येत नाहीत, आणि दत्तगुरूंनी उगाच का कुत्री पाळली? मी हसून पुसून टाकला. तिथंच चुकलो.

आधी जीभ. लाळेत जंतू मारणारे काही घटक असतात, मान्य. कुत्रा आपली जखम चाटतो, तेही मान्य. पण त्यानं त्याचंच भलं होत असतं, तर ऑपरेशननंतर जनावरांचे डॉक्टर त्याच्या गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं कशाला अडकवतात? त्याच तोंडात कॅप्नोसायटोफेगा नावाचे जिवाणूही सुखानं नांदतात. कुत्र्याला त्यांचा त्रास नाही, धडधाकट माणसालाही सहसा नाही. ज्याची प्रतिकारशक्ती खचलेली आहे, त्याच्या जखमेतून ते रक्तात शिरले तर मात्र जिवावर बेततं. शुगरवाल्याच्या पायाची गोष्ट तर आणखी वाईट. पाय बधिर झालेला असतो. चाटता चाटता कुत्र्यानं कुरतडायला सुरुवात केली तरी झोपलेल्याला कळत नाही. असे प्रकार डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहेत, मी घाबरवायला सांगत नाही.

आणि हे सगळं रेबीजचं नाव न घेता. पिसाळलेल्या, किंवा तसा संशय असलेल्या जनावराशी संबंध आला तर काय करायचं, याचे जागतिक आरोग्य संघटनेनं तीन वर्ग पाडले आहेत. धड कातडीवर चाटलं तर पहिला वर्ग: धुऊन टाका, लसीची गरज नाही. फुटलेल्या कातडीवर चाटलं तर थेट तिसरा. रक्त निघेपर्यंत चावलेला माणूस ज्या वर्गात बसतो, तोच. म्हणजे साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची, लस घ्यायची आणि सीरमही, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, घ्यायचं. ज्याला मेसेजवाला औषध म्हणतो, त्याला जगभरचे डॉक्टर चाव्याइतकंच धोक्याचं मानतात. यापुढे कोणी वाद घातला तर मी एवढंच वाचून दाखवणार आहे.

'घरच्या कुत्र्याला लस नको' हे ज्यानं लिहिलं, त्याला मोत्या दिवसभर कुठे असतो ते दाखवायला हवं. बांधीत, उकिरड्यावर, बसस्टँडवरच्या कुत्र्यांशी भांडत. घरी तो फक्त झोपायला येतो. पिसाळल्याची लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासूनच विषाणू लाळेत उतरलेला असतो, म्हणून तर चावल्या-चाटल्यानंतर कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात. माणसाला एकदा लक्षणं दिसली, की मग वाचणं जवळपास अशक्य. मोत्याची यंदाची लस चुकली होती. मेसेज वाचून बाबांनी नेलंच नव्हतं त्याला.

आता बिबट. अरे, आपण चंद्रपूर जिल्ह्यात राहतो! बिबट कुत्र्याला भिऊन येत नाही की कुत्र्यासाठीच येतो? अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) अकोले भागात अभ्यासकांनी बिबट्यांच्या विष्ठा तपासल्या. बिबट्यांनी खाल्लेल्या मांसात वजनानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. आमच्या सपरीला दार नाही. तिथे म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी कुत्रा झोपवणं म्हणजे संरक्षण नव्हे, आमंत्रण. भुंकून जागं करतो, एवढं मात्र खरं. ते तो अंगणात बांधला तरी करेल आणि त्याचाही जीव धोक्यातच राहील, म्हणून रात्री दोघांनीही दाराच्या आत झोपलेलं बरं. मण्यार तर आवाज न करता येते. तिच्यासाठी बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी पुरे.

आजार अंगावर घेण्याबद्दल बोलायचं काही नाही. मोत्याच्या अंगावर गोचीड आहेत, बाबांची शुगर नाही. आणि दत्ताच्या तसबिरीत कुत्री कुठे आहेत ते एकदा डोळे उघडून बघा: पायाशी, जमिनीवर.

मोत्याला घराबाहेर काढा असं मी म्हणत नाही. आई गेल्यापासून बाबांना रात्री झोप लागते ती त्याच्या घोरण्यामुळेच, हे मला कळतं. लस असेल, वेळेवर जंताचं औषध दिलं असेल, गोचीड काढले असतील आणि ज्याच्या अंथरुणात झोपतो त्याला उघडी जखम नसेल, तर झोपू दे की. माझ्या पोरांजवळ झोपतोच तो.

आज आठवा दिवस. सरकारी दवाखान्यात पहिल्या दिवशी सीरम झालं, लसीच्या तीन सुया झाल्या, चौथी अठ्ठाविसाव्या दिवशी. मोत्या साखळीला, भाकरी खातो, शेपूट हलवतो. दहा दिवस भरायला दोन राहिलेत. बाबा सकाळपासून दोनदा विचारून गेले, "सोडतेस का त्याले परवा?" पायाला पट्टी आहे का बघितलं. होती.