'तुम्हांला' म्हणजे नक्की कोणाला?

गावाकडच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एक वाद पेटतो: बायबल जुन्या भाषांतरातलेच वाचावे की सोप्या मराठीतले? ज्येष्ठांना सोप्या भाषेत भारदस्तपणा सापडत नाही, तरुणांच्या जुनी भाषा पचनी पडत नाही, आणि 'परदेशातल्यांची पोरं तर इंग्रजीच वाचतात' हा टोमणा शेवटी येतोच. वाद जुनाच आहे. फारसे न शिकलेल्या बायकांनाही कळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडले. शंभर वर्षे झाली, आपण अजून तिथेच.

इथे आखातात हा वाद ऐकू येत नाही, पण त्याचे कारण काही फार चांगले नाही. चर्चच्या एकाच आवारात मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, अरबी मंडळ्या वेळा वाटून घेऊन उपासना करतात. अभ्यासाला सगळे एकत्र बसले की भाषा इंग्रजी. मराठी बायबल पिशवीतच राहते. माझे म्हणणे असे की ते बाहेर काढून इंग्रजीशेजारी उघडून ठेवावे. मायबोलीचा उमाळा म्हणून नव्हे. त्याच्या व्याकरणाने अभ्यास होतो म्हणून.

यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ (अध्याय २९, वचन ११) घ्या. 'तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो' हे वचन इथल्या निम्म्या फोनांवर असेल. इंग्रजीत 'यू' एकाला की अनेकांना ते कळत नाही, म्हणून वाचणारा ते आपल्या एकट्याच्या व्हिसावर, बढतीवर, मुलाच्या प्रवेशावर लावतो. मराठी बायबलात देव एकट्या माणसाशी 'तू'नेच बोलतो. 'तुम्हांला' आले की समोर समुदाय आहे हे समजावे. इथे तो समुदाय म्हणजे इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला (बॅबिलोनला) नेलेले यहूदी बंदिवान. योहान ३:७ मध्ये हा फरक आणखी लख्ख दिसतो. येशू निकदेमला सांगतो 'तुला', पण नव्याने जन्मायचे आहे 'तुम्हांला'. आधुनिक इंग्रजीत बहुधा तळटीप वाचावी लागते, मराठीत ते वाक्यातच आहे.

उलटा धोकाही आहे. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद नव्या कराराच्या ग्रीकमध्ये नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रांत 'आम्ही' म्हणतो तेव्हा त्यात ऐकणारे धरायचे की नाहीत, हे मराठी भाषांतरकाराला ठरवावेच लागते, आणि ते त्याचे मत असते. म्हणून भाषांतरे दोन हवीत. जिथे एकाने 'आपण' आणि दुसऱ्याने 'आम्ही' लिहिले असेल तिथे पेन्सिलीने खूण करा. अर्थाचा प्रश्न नेमका तिथेच आहे. 'खरे भाषांतर कोणते' या भांडणात घरचे लोक हेच हत्यार बोथट करून टाकतात.

आता रीत. ११ वे वचन एकटे उचलू नका. अध्याय २७ ते २९, एकूण ७१ वचने, एका बैठकीत मोठ्याने वाचा. पंधरा-वीस मिनिटे लागतात. अध्यायांचे तुकडे तेराव्या शतकातले, ठळक मथळे तर प्रकाशकांचे, त्यामुळे तिथे थांबायचे बंधन नाही. दुसऱ्या वाचनात तीनच गोष्टी टिपा: कोण कोणाला बोलतो, काळाचे आकडे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द. आकड्यांतच सगळे नाट्य आहे. यिर्मयाच्या विरोधात उभा राहिलेला संदेष्टा हनन्या म्हणतो दोन वर्षांत सुटका (२८:३). यिर्मया म्हणतो सत्तर (२९:१०). म्हणजे ११ व्या वचनातली आशा ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीनंतरची आहे. मग ५ ते ७ मधली आज्ञा कळते: घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात नेले त्याचे हित पाहा. आमचा मुक्काम नोकरीच्या करारावर टिकतो, तेव्हा 'घरे बांधा' इथे जरा टोचतेच. ७ व्या वचनात हिब्रूत 'शालोम' (शांती, हित, भरभराट) हा शब्द तीनदा येतो, ११ व्यात पुन्हा एकदा. भाषांतराने दोन्हीकडे 'हित' ठेवले तर धागा दिसतो; एकीकडे शांती आणि दुसरीकडे भरभराट केली की तुटतो.

यानंतर उताऱ्याचे म्हणणे चार ओळींत, स्वतःच्या मराठीत लिहा. टीकाग्रंथ (बायबलवरचे भाष्य) त्याआधी उघडला की दुसऱ्याचे उत्तर पाठ होते आणि स्वतःचा प्रश्न पडतच नाही. संदर्भवचने सर्वांत शेवटी, आणि मोजकी: यिर्मया २५:११, दानीएल ९:२. गट सहा-आठ जणांचा पुरे. त्याहून मोठा झाला की दोघे बोलतात, बाकीचे माना डोलावतात.

वर्षात बायबल संपवायच्या योजनांबद्दल थोडेच. प्रोटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय, म्हणजे रोज सव्वातीन. उत्पत्ती गोष्टींच्या ओघात सरते. जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात निर्गम २५ येते, निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापे सुरू होतात, पाठोपाठ नियमांचे लेवीय, आणि गाडी रुतते. दोष चिकाटीचा नाही. कायदा आणि कथा एकाच वेगाने वाचायला लावणाऱ्या तक्त्याचा आहे. त्यापेक्षा महिनाभर एकच लहान पुस्तक घ्या. फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचे आहे, ते आठवड्यातून एकदा सबंध वाचावे.

आणि हो, २९ वा अध्याय ११ व्या वचनापाशी सोडू नका. २४ पासून पुढे शमाया नावाचा एक गृहस्थ येतो. तो बाबेलात बसून यरुशलेमच्या याजकाला पत्रे धाडतो की त्या यिर्मयाला तुम्ही अजून कसे आवरले नाही? परदेशातून घरच्यांना पत्राने तंबी देणारे तेव्हाही होते. त्याचे पुढे काय झाले ते ३२ व्या वचनात आहे.