‘चावीची गाडी’ म्हणणाऱ्या वाचकांना

‘एक अभियंता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, उद्या लिहा. म्हणून आज लिहितोय. राग मात्र अजून तसाच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: दोन पिवळ्या मोटरींची, अर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावर चालणारी गाडी शाळकरी मुलांनी कशी जोडायची आणि पहिला प्रोग्राम कसा लिहायचा, असा तो लेख होता. त्यात पहिला धडा असा की गाडी दोन सेकंद सरळ पळवा, फरशीवर खडूने खूण करा, टेपने मोजा, वहीत लिहा, पुन्हा पळवा. त्यावर अभियंतासाहेब लिहितात: ‘एन्कोडर न लावता वेळेवरून अंतर शिकवणे ही मुलांची शुद्ध फसवणूक आहे. असली गाडी म्हणजे रोबो नव्हे, चावीची गाडी.’ (एन्कोडर म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर.) शिवाय डिले (प्रोग्रामला ठरावीक वेळ थांबवणारी आज्ञा) वापरू नये, पीआयडी (चूक मोजून वेग आपोआप सुधारत राहण्याची पद्धत) का नाही, एल२९८एन (मोटर चालवणारी चिप) कालबाह्य आहे, १८६५० (लिथियमचे) सेल मुलांच्या हातात देऊ नयेत, आणि शेवटी ‘लेख काढून टाकावा’.

एल२९८एनचं मान्य. जुनी चिप आहे, दोनेक व्होल्ट स्वतःच खाते आणि तेवढ्यानेच तापते. तेच काम करणारी टीबी६६१२ कधीही चांगली. पण पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मूल बापाचं बोट धरून जातं तेव्हा दुकानदार पहिल्यांदा हातात काय ठेवतो, हे तुम्हाला माहीत असावं. नसेल तर एकदा बुधवार पेठेत चक्कर मारा.

आता ‘फसवणूक’. हा शब्द तुम्ही सहज टाकून मोकळे झालात. फसवणूक करायला फसवणाऱ्याला काहीतरी मिळावं लागतं. मी रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना फुकट शिकवतो, जंपर वायरी माझ्या खिशातून आणतो. भोसरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य गेलं. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे एन्कोडर रात्रपाळीत, तेलाने बरबटलेल्या हातांनी बदललेत. तेव्हा एन्कोडर म्हणजे काय हे निदान मला तरी टोपणनावाआडून कोणी समजावू नये.

आणि समजावायचंच असेल तर पुरतं समजवा. किटमध्ये एन्कोडरसाठी जी काळी चकती येते तिला वीस खाचा असतात. चाक ६५ मिलिमीटरचं, म्हणजे घेर साधारण २०.४ सेंटिमीटर. एका खाचेला जेमतेम एक सेंटिमीटर. ही झाली तुमची अचूकता. आता तीच गाडी भिंतीला टेकवून मोटर चालू ठेवा. गुळगुळीत फरशीवर चाकं जागच्या जागी फिरत राहतील, आकडा वाढत राहील आणि प्रोग्राम म्हणेल, मी मीटरभर पुढे आलो. एन्कोडर चाकाचं फिरणं मोजतो, गाडीचं सरकणं नव्हे. मग ही फसवणूक कोणाची म्हणायची?

वेळेवरून मोजायला मी का लावतो, हे लेखातल्या पुढच्याच परिच्छेदात होतं. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. दोन्ही मोटरींना वेगाचा आकडा १५० दिला तरी गाडी सरळ जात नाही. डावीकडे वळत असेल तर डावं चाक मंद. मूल डावीकडचा आकडा १६५ करून बघतं, मग १६०. हॉलच्या फरशीवर जमलेलं घरच्या सतरंजीवर बिघडतं. सेल भरलेले असताना दोन मिळून ८.४ व्होल्ट देतात, खेळून खेळून ते सातावर येतात आणि तेवढ्याच दोन सेकंदांत गाडी कमी अंतर कापते. वहीतले आकडे जुळेनासे झाले की मूल येऊन विचारतं, ‘काका, काल तर खुर्चीपर्यंत जायची, आज काय झालं?’ त्या दिवशी मी चकती बाहेर काढतो. उनोवर बाहेरच्या इंटरप्टसाठी (खाच सरकली की बोर्डाला लगेच कळवणाऱ्या इशाऱ्यासाठी) दोनच पिना आहेत, २ आणि ३, आणि आपल्याला चाकंही दोनच, हे त्या दिवशी सांगितलं की पक्कं डोक्यात बसतं. पहिल्याच दिवशी सांगितलं तर मुलं मान डोलावतात आणि वायर कुठेही खुपसतात.

सर्वोचंही तेच. सोनार (आवाजाच्या प्रतिध्वनीने अंतर मोजणारा सेन्सर) इकडेतिकडे वळवायला सर्वो (हव्या त्या कोनात वळणारी छोटी मोटर) लावला की ९ आणि १० या पिनांवरचं पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग कमीजास्त करायची सोय, जातं. मोटर तिथे जोडलेली असली की वेग आवरता येत नाही. हे कळायला एक संध्याकाळ वाया जावी लागते. मी ती जाऊ देतो. तुमच्या हिशेबाने हीसुद्धा फसवणूकच असणार.

राहिली ‘चावीची गाडी’. १९४८-४९च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर यांनी फिरती यांत्रिक कासवं बनवली होती. दोन व्हॅक्यूम ट्यूब, एक प्रकाश ओळखणारा सेन्सर, एक धक्का ओळखणारा. किती अंतर गेलो हे त्यांना कळत नव्हतं, तरी उजेडाकडे जात होती, अडथळ्याला बगल देत होती. रोबोटिक्सच्या इतिहासात आजही त्यांचं नाव निघतं. त्या कासवांनाही चावीची खेळणी म्हणणार का?

डिलेबद्दल म्हणाल तर मिलिस (प्रोग्राम न थांबवता वेळ बघायची आज्ञा) मलाही येतं, ते नंतर. पीआयडी सहावीतल्या मुलाला कसं शिकवायचं ते तुम्हीच लिहा, मी आनंदाने वाचेन. सेलचं बॅटरीच्या लेखात येईल, इथे त्याचा फाटा नको.

शेवटी एक विचारतो, राग मानू नका, किंवा माना. इतकं सगळं येतं तर तुमच्या हाताखाली किती मुलं शिकली? मराठीत या विषयावर तुमचा एखादा लेख असेल तर दुवा द्या. नाकाने कांदे सोलायला अक्कल लागत नाही, वेळ लागतो, आणि तो तुमच्याकडे भरपूर दिसतो.

लेख काढणार नाही. पहिल्या धड्याच्या खाली फक्त एक ओळ टाकली आहे: ‘इथे मोजलेलं अंतर त्याच फरशीवर आणि भरलेल्या सेलवरच खरं, पक्कं अंतर हवं असल्यास एन्कोडर लावावा.’ ती मी तशीही टाकणारच होतो.